मागच्या खोलीतला वायगोळा

मुकादमबाईंना कुणी फुकट काही दिलं की त्या आधी ते उलटं करून बघत. भाजीवाल्यानं वर एक लिंबू टाकलं तर लिंबाची खालची बाजू बघत. शेजारणीनं वाटीभर काही पाठवलं तर वाटी हातात धरून विचारत, "आज काय विशेष?" विशेष काही नाही असं उत्तर आलं की त्यांची खात्रीच पटे. दूध तापवण्याआधी हुंगायचं, तापल्यावर हुंगायचं, आणि पिताना एकदा शेवटचं हुंगायचं. त्यांचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा. नजर मंदावल्यावर तो घरी बसला, पण जीभ काही बसली नाही.

"जन्मभर लोकांची कुलपं उघडली मी," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "पण हिचं एक काही उघडलं नाही."

"उघडलं असतं तर घरात काय शिल्लक राहिलं असतं?" मुकादमबाई आतून म्हणत.

त्या लाँड्रीत मुकादम होत्या. लाँड्री म्हणजे चौकातलं कपडे टाकायचं दुकान नव्हे. लांबट इमारतीचा अख्खा तळमजला होता. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, दवाखान्यांच्या उशांचे अभ्रे, सगळं गाठोड्यांनी यायचं. पुढच्या दाराशी कपडे निवडायचे, मग धुण्याची मोठी यंत्रं, मग वाळवणाच्या तारा, मग इस्त्रीची टेबलं, आणि शेवटी घड्या. उभ्यानं काम. सकाळी उभं राहायचं ते संध्याकाळीच पाय मोकळे व्हायचे. खाली ओली फरशी, वर वाफ. अशा ठिकाणी बसायला एक जागा असणं म्हणजे काय, ते उभ्या राहिलेल्या बाईलाच कळतं.

ती जागा होती. घड्यांच्या टेबलामागे एक छोटी खोली, तिला एक खिडकी, आत एक खाट आणि जुनं कपाट. त्या खोलीत जायला पैसे लागत नसत, ओळख लागत नसे. एक शब्द लागायचा. वायगोळा.

आता हा शब्द कुणी फारसा वापरत नाही. आताच्या मुली गॅस म्हणतात, ॲसिडिटी म्हणतात, पाकिटातली पूड पाण्यात फसफसवून पितात आणि कामाला लागतात. पूर्वी पोटात कळ येऊन काहीतरी गोळा झाल्यासारखं, वर सरकल्यासारखं वाटलं की तो वायगोळा असायचा. तो उठायचा, फिरायचा, बसायचा. घरात पाहुणा आल्यासारखं त्याचं सगळं.

लाँड्रीत तो आणला मोठ्या मालकीणबाईंनी. मुकादमबाई तिथे नव्या लागल्या तेव्हा मोठ्या बाई स्वतः गाठोडी मोजून घेत. बाई कडक. पण दुपार झाली की एक हात पोटावर ठेवून म्हणत, "वायगोळा उठला गं," आणि मागच्या खोलीत जाऊन पडत. इस्त्री नुसती कोमट करून, टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरत. तासाभरानं बाहेर येत त्या ताज्यातवान्या. एकदा एक इस्त्रीवाली उभ्या उभ्या घेरी येऊन पडली, तेव्हा मोठ्या बाईंनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "वायगोळ्याशी खेळायचं नाही. ज्या बाईला उठेल तिनं सरळ आत जाऊन पडायचं. मला विचारायला यायचं नाही."

मोठ्या बाई गेल्या. त्यांचं बोलणं मात्र राहिलं. आधी आधी बायका खरंच पोट दुखलं तर आत जात. मग पाय दुखले तरी जाऊ लागल्या. मग रात्री लहान मूल रडलं म्हणून, सासूनं पहाटे उठवलं म्हणून. आणि एके दिवशी एकदम तिघींना वायगोळा उठला. खाट एक. तिघी दारात उभ्या राहून एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या दिवशी मुकादमबाईंनी नंबर लावून दिले. रोज दुपारी एकीनंच जायचं, ठरलेल्या क्रमानं. ज्या बाईचा नंबर असेल तिनं मोठ्यानं म्हणायचं, "वायगोळा उठला," म्हणजे पुढे मालकांच्या खोलीत ऐकू जाईल, आणि मोठ्या बाईंसारखी इस्त्री टॉवेलात गुंडाळून आत न्यायची, म्हणजे रीत पाळल्यासारखं होईल. कुणी बाई लग्नाला गावी गेली तर म्हणायची, "माझा मंगळवारचा वायगोळा तू घे, परत आल्यावर मला दे." वर्षानुवर्षं असं चाललं होतं. शब्दातलं दुखणं निघून गेलं होतं, नुसती खाट राहिली होती.

आता मालक होते मोठ्या बाईंचा मुलगा. सगळे त्यांना धाकटे मालक म्हणत, जरी त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी एके दिवशी एक बाई स्वतः आणून सोडली. "ही आजपासून घड्यांवर," म्हणाले आणि गेले. बाई तिशीतली, अंगानं बारीक, बोलणं जेवढ्यास तेवढं. नाव सांगितलं होतं, पण पहिल्या दिवशी सगळ्या तिला नवी म्हणाल्या आणि ती नवीच राहिली.

मुकादमबाईंच्या मनात पाल चुकचुकली. धाकट्या मालकांनी आजवर कधी कुणाला स्वतः आणून सोडलं नव्हतं. ते काम मुकादमबाईंचं.

"कानोसा घ्यायला ठेवली असेल," इस्त्रीवर एक उंच बाई होती, तिला सगळ्या शिडी म्हणत, ती कुजबुजली.

"तोंडाला टाका घाल," मुकादमबाई म्हणाल्या. पण त्यांनाही तेच वाटत होतं.

त्यात धाकट्या मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. एका हॉटेलचे टॉवेल कमी भरत होते. एकदा नव्हे, बरेच महिने. "मुकादमबाई, तुमच्या नजरेतून सुई सुटत नाही म्हणतात. मग टॉवेल कसे सुटतात?"

"बघते," मुकादमबाई म्हणाल्या.

"बघाच. आणि ती मागची खोली. माल तिथूनच खिडकीबाहेर जात असेल तर मी ती बंद करणार. नाहीतरी सुकवायच्या नव्या मशीनला जागा हवीच आहे."

मुकादमबाई बाहेर आल्या त्या चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट ठेवून. बायकांना एवढंच म्हणाल्या, "चोर सापडला नाही तर खाट गेली समजा." सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. नवी अभ्रे मोजत होती. टॉवेल ती यायच्या आधीपासून कमी भरत होते, हा हिशेब मात्र कुणी केला नाही.

आणि त्याच आठवड्यात नवी घड्या टाकता टाकता थांबली, टेबल धरून वाकली आणि हळूच म्हणाली, "बाई, मला वायगोळा उठलाय. जरा पडू का?"

सगळ्यांचे हात थांबले. नंबर शिडीचा होता. नवीला नंबर दिलेलाच नव्हता, खाटेची रीत तिला कुणी सांगितलीच नव्हती. मग हा शब्द तिला कुठून मिळाला?

"कुणी शिकवलं तुला?" मुकादमबाईंनी विचारलं.

"काय?"

"वायगोळा म्हणायला."

"आमची आई म्हणायची," ती म्हणाली.

मुकादमबाईंनी तिला जाऊ दिलं. नाही म्हणण्याची त्यांची टाप नव्हती, मोठ्या बाईंचा शब्द होता. पण शिडी तोंड फुगवून बसली. चार दिवसांनी नवी पुन्हा तेच म्हणाली, आणि त्यानंतर पुन्हा. रांग मोडली. ज्या बाईचा नंबर ती घेई ती तिच्याशी बोलायची बंद होई. "मेलीला आमच्यापेक्षा जास्त थकवा येतो," कुणी म्हणे. "मालकानं आणलीय ना, तिला कसला नंबर," दुसरी म्हणे.

मुकादमबाई मात्र बोलत नव्हत्या. बघत होत्या. मोठ्या चादरीची घडी दोघींनी मिळून घालायची असते. दोन टोकांना दोघी, चादर ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, आणि जवळ आलं की घडी पोटाशी दाबून हातानं सारखी करायची. नवीन मुलीलासुद्धा हे सांगावं लागत नाही, पोट आपोआप पुढे होतं. मुकादमबाईंनी नवीबरोबर घड्या घालायला सुरुवात केली. आणि त्यांना दिसलं की नवी चादर पोटाला लागू देत नाही. जवळ आली की हात लांब करते, घडी अधांतरीच दाबते. एप्रन ढगळ बांधते. अंगानं बारीक, पण एप्रनखाली काहीतरी फुगीर.

त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. टॉवेल.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता.

"पोटाला गुंडाळून नेते. वायगोळ्याच्या निमित्तानं आत जायचं, तिथे बांधायचं, आणि सगळ्यांच्या देखत बाहेर यायचं."

"किती टॉवेल बसतील पोटावर?"

"दोन. पातळ असले तर तीन."

"मग बाहेर येताना पोट मोठं दिसायला हवं. आत जाताना लहान. तसं दिसतं?"

मुकादमबाई विचारात पडल्या. पोट आत जातानाही तेवढंच असायचं. "मग दुसरं काहीतरी असेल," त्या म्हणाल्या.

"दुसरं काय?"

"नवरा तिचा जहाजावर आहे म्हणे. वर्ष होऊन गेलं, आलेला नाही."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "तू आत्ता चोर म्हणालीस, लगेच हे म्हणतेस. सकाळपर्यंत खुनी करशील तिला. अगं, कुलूप उघडायचं असेल तर आधी हात लावून बघावं लागतं. लांबून किल्ल्या मोजून काय होणार?"

दुसऱ्या दिवशी नवी आत गेली तशा मुकादमबाई तिच्या मागोमाग गेल्या आणि दार लोटून घेतलं. नवी खाटेवर कुशीवर पडली होती, गुडघे जवळ घेऊन. एप्रन सोडलेलं नव्हतं. मुकादमबाईंनी मनात वाक्य तयार ठेवलं होतं, "काढ ते बाहेर." पण बाईच्या चेहऱ्यावर घाम होता, आणि त्या खोलीत वाफ येत नव्हती.

"सरळ हो," त्या म्हणाल्या. "मला बघू दे."

नवीनं दोन्ही हात पोटावर ठेवले. "बाई, नको. तुम्हीपण तेच म्हणाल."

"काय म्हणेन?"

"आमच्या सासूबाई म्हणतात ते. रोज पोटाकडे बघतात आणि बोटं मोजतात. मी देवाशपथ सांगते, तसं काही नाही. वायगोळाच आहे. तसं म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही, म्हणून म्हणते. मालकांकडे मी भांडी घासायला होते, तिथेपण कुजबुज सुरू झाली. मालकांना दया आली, त्यांनी इथे आणून सोडलं."

मुकादमबाईंनी तिचे हात बाजूला केले. टॉवेल हाताला लागेल असं त्यांना अजूनही वाटत होतं, खोटं कशाला सांगायचं. एप्रन वर केलं. टॉवेल नव्हता. हाताखाली एक कडक गोल काहीतरी होतं, बेंबीच्या एका अंगाला सरकलेलं. त्यांना स्वतःला तीन मुलं झाली होती, जावांची बाळंतपणं त्यांनी काढली होती. मूल एका बाजूला असं रुसून बसत नाही, आणि त्याला असं दाबलं तर ते लाथ मारतं. हे नुसतं होतं. दगडासारखं.

"किती दिवस?"

"आधी लिंबाएवढं होतं. मग मी हात लावायचंच सोडलं."

मुकादमबाई दार उघडून बाहेर आल्या. शिडी दाराशीच होती, कान भिंतीला लावल्यासारखी. "सापडले टॉवेल?" तिनं विचारलं.

"माझं एप्रन घे आणि टेबल सांभाळ," मुकादमबाई म्हणाल्या. "मी हिला दवाखान्यात नेतेय."

दवाखाना तोच होता ज्याच्या चादरी त्यांच्याकडे यायच्या. बाकावर बसल्याबसल्याही मुकादमबाईंनी शेजारच्या खाटेवरच्या चादरीची किनार चिमटीत धरून खळ तपासली. मग आतून बोलावणं आलं. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात.

"काय होतंय?"

"वायगोळा," मुकादमबाई सवयीनं बोलून गेल्या, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. "आजी गेल्यापासून हा शब्द ऐकला नव्हता मी. झोपवा बघू तुमच्या वायगोळ्याला."

तपासायला वेळ लागला, मशीनखाली न्यावं लागलं. मग त्यांनी सांगितलं ते असं, की वारा नाही, मूलही नाही, अंडाशयाला मोठी गाठ आहे, ती पिळली जाते म्हणून कळा येतात, आणि ती आता काढायलाच हवी. पूर्ण पिळली गेली तर जिवावर बेतेल.

"मूल नाही, हे कागदावर लिहून द्या," मुकादमबाई म्हणाल्या.

"कुणासाठी?"

"हिच्या सासूसाठी. मोठ्या अक्षरात लिहा."

ऑपरेशन सुरू झालं. मुकादमबाई बाहेर बसून होत्या, नवीची सासू दुसऱ्या बाकावर. सासूनं कागद तीनदा उलटा करून पाहिला. मुकादमबाईंना ते बघून अस्वस्थ वाटलं, आपणच आरशात बसलोय असं. शेवटी सासू म्हणाली, "मला आधीपासून वाटतच होतं, वायगोळाच असणार."

"हो, तुमची बोटं दुखली असतील मोजून," मुकादमबाई म्हणाल्या, आणि पुढे बोलल्या नाहीत, कारण त्यांची स्वतःची बोटं काही कमी दुखत नव्हती.

डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. गाठ निघाली होती, साधी होती, बाई ठीक होती. सासू आत धावली. मुकादमबाई बाकावरच राहिल्या. डॉक्टरीणबाईही टेकल्या शेजारी. त्यांचंही काम उभ्याचंच.

"तुम्ही तो शब्द म्हणालात ना," त्या म्हणाल्या, "माझे आजोबा वैद्य होते. ते गुल्म म्हणायचे. गुल्म म्हणजे झुडूप, एकाच बुडातून गच्च वाढलेलं. पोटात तसं काही दाटलं की गुल्म. जुन्या ग्रंथांत त्याचे पाच प्रकार आहेत. चार कुणालाही होतात. पाचवा फक्त बायकांना. पोट पुढे येतं, आणि लोकांना वाटतं बाईला दिवस गेलेत."

"हे तेव्हा माहीत होतं?"

"होतं. म्हणून तर वैद्य दहावा महिना उलटेपर्यंत त्याला हात लावत नसत. खरंच मूल असलं तर?"

"म्हणजे वैद्यसुद्धा संशयीच."

"सावध म्हणा."

"आमच्या घरी येऊन हे सांगा एकदा. तिथे मला दुसराच शब्द आहे." मग त्यांनी विचारलं, "पण पाचांचा एक कसा झाला?"

"सगळ्याच्या मुळाशी वायू आहे असं ते मानायचे. लोकांनी तेवढंच धरलं. वायू आणि गोळा. बाकीचं तोंडातोंडात गळून गेलं."

मुकादमबाईंना ते पटलं. दवाखान्याची चादर नवी येते तेव्हा कोपऱ्यावर दवाखान्याचं नाव असतं. धुऊन धुऊन नाव जातं, मग ती कुणाचीही होते. या शब्दाला शेवटचे हात कुणाचे लागले, ते त्यांना सांगायला नको होतं.

लाँड्रीत परतल्यावर त्या आधी मागच्या खोलीत गेल्या. टॉवेल अजून सापडले नव्हते, आणि चोर तर आता दवाखान्यात पडून होता. त्यांनी खाट सरकवली. जुनं कपाट सरकवलं. कपाटामागे टॉवेल होते. ढीगच. एकेकाच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचा करपलेला डाग. पोट शेकायला इस्त्री टॉवेलात गुंडाळायची, ती जास्त तापलेली असायची, टॉवेल करपायचा, आणि करपलेला टॉवेल गाठोड्यात परत कसा टाकायचा म्हणून प्रत्येक बाई तो कपाटामागे सारायची. दुसऱ्या बाईला न सांगता. मुकादमबाईंनी एक उचलला, उलटा करून पाहिला. तो त्यांचा होता. डाग आठवत होता त्यांना.

ढीग उचलून त्या सरळ धाकट्या मालकांच्या टेबलावर घेऊन गेल्या.

"चोर सापडला," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळ्या. मीसुद्धा." आणि त्यांनी सगळं सांगितलं, नंबरासकट. नवी तीन आठवडे कळा सोसत होती आणि आम्ही तिच्यावर रांग मोडल्याचा राग धरून बसलो होतो, हेही. खोली जाणार हे त्यांनी मनात धरलंच होतं. "मोठ्या बाईंच्या खऱ्या दुखण्यावर आम्ही खोटं दुखणं चालवलं. त्यांचा शब्द आम्ही नासवला."

धाकट्या मालकांनी एका टॉवेलच्या डागावरून बोट फिरवलं. मग त्यांना हसू आलं.

"मुकादमबाई, आईला कधीच वायगोळा नव्हता."

"म्हणजे?"

"दगड पचवायची ती. आमच्या घरात माणसं इतकी, की तिला दुपारी एक डुलकी मिळायची नाही. इथे यायची, पडायची, उशीखाली कादंबरी असायची. मला माहीत होतं. शाळा सुटल्यावर वाचनालयातून मीच बदलून आणायचो."

मुकादमबाई उभ्या होत्या त्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसल्या. मालकांसमोर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. भाजीवाल्याच्या लिंबावर संशय घेतला, दुधावर घेतला, दवाखान्यात पडलेल्या बाईवर घेतला. आणि जिची कोमट इस्त्री त्या स्वतः वर्षानुवर्षं तापवून देत होत्या, तिच्यावर एक दिवस नाही घेतला. पोटात खरी कळ असती तर कोमट इस्त्री पुरली नसती, तेव्हाच कळायला हवं होतं.

"घरी सांगू नका," त्या एवढंच म्हणाल्या. "आमचे हे वर्षभर हसतील."

मशीन आली. अर्ध्या खोलीत मशीन बसली, अर्ध्या खोलीत खाट राहिली. खोली आता आपसूकच गरम असते, इस्त्री न्यावी लागत नाही. नंबर तसेच आहेत, पण जिचा नंबर असतो ती आता "मी जरा पडते" एवढंच म्हणते. वायगोळा म्हणायला मनाई नाही. फक्त जी म्हणेल तिच्या मागोमाग मुकादमबाई आत जातात आणि पोटाला हात लावून बघतात. शिडीनं एकदा चुकून म्हटलं. त्यांनी असं दाबून पाहिलं की ती अर्धा दिवस तिथे फिरकली नाही.

नवी दोन महिन्यांनी कामावर आली. शिडीनं स्वतःचा नंबर तिला देऊ केला, तिनं घेतला नाही, म्हणाली झोपून झोपून अंग आंबलंय. मुकादमबाईंनी मोठी चादर काढली आणि एक टोक तिच्या हातात दिलं. दोघींनी ताणली, झटकली. चालत जवळ आल्या. मुकादमबाई चादरीकडे बघतच नव्हत्या.

नवीनं घडी पोटाशी धरली आणि दोन्ही हातांनी दाबून सारखी केली.

"पुन्हा," मुकादमबाई म्हणाल्या. "नीट दिसलं नाही मला."

नवी हसली, आणि त्यांनी ती चादर उलगडून पुन्हा घडी घातली.